देव न मानता पंढरीची वाट चालताना

वारीला निघू पाहणाऱ्या नास्तिकाला पहिली धास्ती असते ती ‘आपण देव मानत नाही हे कळलं तर काय’ याची. कुणी विचारत नाही. दिंडीत नाव घालायला गेलं की दिंडीप्रमुख विचारतात ते असं: सगळी वाट चालणार की मधूनच जाणार, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, तीनला उठणं जमेल का, घरच्या कुणाचा तरी फोन नंबर द्या. श्रद्धेची चौकशी त्या वहीत नसते. शिस्तीची मात्र असते, आणि तिथे सूट मिळत नाही. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट पार पडते ती या शिस्तीवर. न मानणाऱ्याने तयारी करायची ती हिची, आणि पायांची.

आधी तारखांचं बघा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, तुकोबांच्या पालखीचं देहूहून त्याच्या आदल्या दिवशी. इंग्रजी तारीख दरवर्षी हलते: माउलींचं प्रस्थान २०२३ मध्ये ११ जूनला होतं, २०२४ मध्ये २९ जूनला, २०२५ मध्ये १९ जूनला. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आल्याने आषाढी एकादशीच २५ जुलैला पडते. रजेच्या अर्जापेक्षाही हा फरक हवामानासाठी लक्षात घ्यायचा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निघालेली वारी पावसाआधीच्या उन्हात सापडू शकते, तेव्हा टोपी, मीठ-साखर आणि पाणी हे प्रश्न मोठे. जुलैची वारी बहुधा ओली, तेव्हा न वाळणारे मोजे आणि चिखलातला तळ हे प्रश्न मोठे. दोन्हींची बांधाबांध वेगळी.

चालायचं कुणाबरोबर, हा पुढचा निर्णय. दिंडीत नाव न घालता, पालखीच्या मागेपुढे आपापलं चालणाऱ्यांना ‘मोकळा समाज’ म्हणतात. अनेक शहरी लोकांना हे सोयीचं वाटतं: भजन नको, रांग नको, मनाला येईल तिथे थांबायचं. आमचं ठाम मत याच्या उलट आहे. मोकळं चालणाऱ्याला रोज संध्याकाळी छप्पर शोधावं लागतं, आणि लाखो माणसं एका गावात उतरल्यावर शाळेचा व्हरांडासुद्धा दुपारी दोनलाच भरलेला असतो. शिवाय मोकळा माणूस शेवटपर्यंत बघ्याच राहतो. दिंडीत भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की ट्रक, तंबू, आचारी, पाण्याचा टँकर आणि जेवणाची पंगत यांची व्यवस्था लागते. भिशी दिंडीगणिक वेगळी असते, पण अठरा-एकोणीस दिवसांच्या राहण्या-जेवणाचा हिशेब केला तर कुठल्याही पर्यटनापेक्षा पुष्कळ स्वस्त. दिंडी निवडताना आधीच्या वर्षी चाललेल्या माणसाला तीनच गोष्टी विचारा: टँकर दिंडीचा स्वतःचा आहे का, बायकांचा तंबू वेगळा आहे का, पंगतीत सगळे एकत्र बसतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरी दिंडी बघा. संतांची नावं घेऊन आडनावावरून माणूस जोखणारी दिंडी तुमच्यासारख्यांनी तरी चालवून घेऊ नये.

दिंडीचा क्रमांक पाठ करायचा आणि त्याच्याबरोबर पालखीच्या ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हेही पाठ करायचं. नवखे इथेच हमखास चुकतात. रथापुढच्या २७ दिंड्यांचे क्रमांक वेगळे, रथामागच्यांचे पुन्हा एकपासून सुरू होतात. नुसतं ‘बारा नंबर’ सांगणारा माणूस रात्री नऊ वाजता तळाच्या भलत्याच टोकाला पोचतो. मोबाइलवर भिस्त ठेवू नका, तळावर रेंज असली तरी फोन लागत नाही, इतकी माणसं एका टॉवरवर असतात. क्रमांक, रथाची बाजू, दिंडीप्रमुखांचं नाव आणि घरचा नंबर एका कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिशात.

सामान दोन भागांत करायचं. मोठी वळकटी ट्रकमध्ये: अंथरूण, पांघरूण, दोन-तीन जोड कपडे, ताट-वाटी-तांब्या. तिच्यावर नाव आणि क्रमांक ऑइल पेंटने घालायचा, मार्करची शाई पहिल्या पावसात जाते. वळकटीच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी हवी, बाहेरून गुंडाळलेला कागद ट्रकमध्ये चढवता-उतरवताना फाटतो. अंथरुणाखाली घालायला मेणकापड हवंच, कारण तळ म्हणजे बहुतेकदा नुकतं नांगरलेलं किंवा ओलं रान. ट्रक पहाटेच पुढे निघून जातो आणि संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही, म्हणून दिवसभर लागणारं सगळं खांद्यावरच्या पडशीत ठेवायचं: पाण्याची बाटली, रोजच्या गोळ्या, रेनकोट, कोरडे मोजे, पायाचं औषध, थोडे शेंगदाणे-गूळ, पॉवर बँक. वजन तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या वळकटीत ठेवून माणसं दुपारी रस्त्यात बसलेली दिसतात, ती चूक टाळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता पाय. ट्रेकिंगला सरावलेली माणसं इथे फसतात, कारण वारीतली चाल वेगळी. डोंगरात आपण आपल्या वेगाने चालतो. दिंडी टाळांच्या ठेक्यावर सरकते, तासाला जेमतेम तीन किलोमीटर, आणि पुढचा रथ थांबला की उभीच राहते. वीस किलोमीटरला आठ-नऊ तास पायांवर. तळव्याला त्रास होतो तो अंतरापेक्षा या तासांचा. त्यातून आताचा मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५, रुंद करताना बऱ्याच ठिकाणी काँक्रीटचा झाला आहे. काँक्रीट डांबरापेक्षा कडक, नडगीला ठणका लावणारं. रुंदीकरणात वाटेवरची जुनी वडाची झाडंही गेली, त्यामुळे कित्येक ठिकाणी दुपारी टेकायला सावली शोधावी लागते. रस्ता कडेला उतरता असतो हेही लक्षात ठेवा. रोज रांगेत एकाच कडेने चाललं की चौथ्या-पाचव्या दिवशी गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. विणेकऱ्यांना सांगून रांगेतली बाजू बदलून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

सराव दोन महिने आधी सुरू करावा, आणि तो सलग दोन दिवसांचा असावा. शनिवारी १५ आणि रविवारी पुन्हा १५ किलोमीटर, डांबरी रस्त्यावर, ज्या बुटांनी वारी करायची त्याच बुटांनी. एकाच रविवारी तीस चालून काही कळत नाही. दुखऱ्या पायावर दुसऱ्या दिवशी काय होतं तेच तर बघायचं असतं. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, कारण दुपारनंतर पाय सुजतो. जोडीला पट्ट्याच्या चपला ठेवा, पाऊस लागला की बुटांपेक्षा त्याच बऱ्या. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि झोपताना एकदा बदलायचे.

फोड येतो तो ओल, उष्णता आणि घर्षण या तिघांच्या संगनमताने. सकाळी बोटांमध्ये आणि टाचेला व्हॅसलिन, दुपारच्या विसाव्याला मोजे बदलणं, आणि एखादी जागा नुसती चुरचुरायला लागली की त्या क्षणी रांगेबाहेर येऊन चिकटपट्टी लावणं, एवढ्यावर बहुतेक फोड टळतात. ‘तळावर गेल्यावर बघू’ म्हटलं की फोड आलाच. आल्यावर लहान असेल तर हात लावू नये. मोठा आणि टणक झाला असेल तर सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या कडेला, मुळाशी, दोन ठिकाणी टोचायची, कापसाने हलकेच दाबून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच राहू द्यायची, बीटाडीन लावून गॉज बांधायचं. तळावर प्रेमाने सल्ला देणारे फोडातून दोरा ओवून तो आत ठेवायला सांगतील. पाणी झिरपत राहतं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून चिखलातली घाण आत जाते. नम्रपणे नको म्हणा. मांड्या घासून सोलवटतात त्यावरही उपाय व्हॅसलिन आणि लांब पायांची आतली चड्डी. सुती ओली पँट घालून दिवसभर चालू नका. आणि अंगदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी, घाम गेलेला असताना घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. लागलीच तर पॅरासिटॅमॉल.

दिवसाची रचना ठरलेली. पहाटे तीनच्या सुमारास टँकरजवळ आंघोळी सुरू होतात. शौचालयाची रांग टाळायची तर त्याही आधी उठायचं. फिरती शौचालयं आता बऱ्याच तळांवर असतात, पण पाचनंतर तिथे जाणं म्हणजे दिंडी चुकणं. तळावर तीन वेळा कर्णा वाजतो: पहिल्याला आवराआवर आणि तंबू उतरवणं, दुसऱ्याला दिंड्या रस्त्यावर आपापल्या जागी, तिसऱ्याला पालखी हलते. साधारण सहा-साडेसहा. मग सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, एखादा दुपारचा विसावा, आणि संध्याकाळी तळ.

सगळ्यात अवघड टप्पा सुरुवातीलाच येतो. पुण्यातून निघून हडपसर, वडकी, दिवेघाट, सासवड. तीस किलोमीटरच्या वर, मध्ये घाट, पोचायला रात्र. त्यात बहुतेक वर्षी हा टप्पा ज्येष्ठ वद्य एकादशीला पडतो, म्हणजे दिंडीच्या चुलीवर उपासाचंच रांधलेलं असतं: भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा. ज्याला उपासाची सवय नाही त्याने निमूट पडशीतले शेंगदाणे, गूळ, केळी खात राहावं, आणि मुख्य म्हणजे मीठ पोटात जाऊ द्यावं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. हे दिवसभरात दोन बाटल्या तरी. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. घाटात वाहनं बंद असतात आणि मागे वळायला जागा नसते, तेव्हा चक्कर, थंडी वाजणं, घाम थांबणं यांपैकी काही सुरू झालं असेल तर वडकीलाच थांबा. तिथून बाहेर पडता येतं, घाटाच्या मध्यावरून नाही.

सासवडला दोन रात्री मिळतात, त्या पूर्ण विश्रांतीला द्या. पुढे जेजुरी सोळाएक, वाल्हे बारा, लोणंद वीस. वाल्हे सोडल्यावर नीरेच्या काठी पादुकांना स्नान होतं आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद-तरडगाव हा जेमतेम आठ किलोमीटरचा टप्पा, वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, म्हणजे दिंड्यांच्या रांगांमधून अश्वांची दौड. फलटण, बरड हे टप्पे आले-गेले. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. खचण्याची जागा म्हणाल तर फलटणच्या पुढे: नवलाई संपलेली, रोज अठरा-वीस किलोमीटर, सरळ रस्ता. पाय तोवर बसलेले असतात, कंटाळा मात्र खरा असतो. हातात टाळ घ्या. ठेका धरायला अर्धा दिवस पुरतो आणि मग दुपार सरते.

पोट बिघडतं ते बहुतेकदा दिंडीच्या जेवणाने नाही, वाटेवरच्या मायेने. गावोगाव लोक चहा, भजी, केळी, लाडू, सरबत हातात ठेवतात, आणि नाही म्हणणं जड जातं. केळी, चिक्की, उकळलेला चहा घ्या. बर्फाचं सरबत आणि कापून ठेवलेलं फळ सोडा. बाटलीत भरलेल्या पाण्यात मेडिक्लोरचे (पाणी शुद्ध करणाऱ्या औषधाचे) थेंब घालून अर्धा तास थांबायचं.

आता न मानणाऱ्याच्या खास अडचणी. कपाळाला गंध-बुक्का लावायला सकाळी कुणीतरी येतंच, लावून घ्या, त्यात कसलीही कबुली नाही. तुळशीची माळ मात्र नुसती शोभेला गळ्यात घालू नका. ती घालणं म्हणजे मांस-मद्य सोडणं, एकादशी करणं, वारी न चुकवणं असा जन्माचा नेम घेणं आहे. तो नेम पाळायचा नसेल तर मोकळ्या गळ्याने चाला. त्यात त्या माळेचा मान आहे. वीणा जमिनीवर टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांना वाकून नमस्कार करतात. दिंडीच्या रांगांमधून आडवं जाऊ नये, अगदी फोटोसाठीही. नदीवर, टँकरवर कॅमेरा बाहेर काढूच नये.

पाया पडण्यावरून विवेकवादी माणसाची खरी घालमेल होते. सत्तरीची बाई तुम्हाला ‘माउली’ म्हणून वाकते, आणि तुम्ही मागे सरता. मागे सरू नका, तितकंच वाका. हा नमस्कार माणूस माणसाला करतो, आणि दोन्ही बाजूंनी करतो. वय, पैसा, शिक्षण बघून करत नाही. देव न मानणाऱ्याला वारीत बिनशर्त मान्य करता येईल अशी रीत कुठली, तर ही.

रस्त्यात वाद घालू नये, पण खोटंही बोलू नये. ‘देवाला काय मागणार?’ असं कुणी विचारलं तर ‘काही नाही, चालायला आलोय’ हे उत्तर पुरतं. वारकऱ्यांमध्येही काही न मागणाराच मोठा मानतात, त्यामुळे बोलणं तिथेच संपतं आणि पुढचा अभंग सुरू होतो.

एक गोष्ट मात्र लांबून पाहू नका, तिच्या आत उभे राहा: तळावरची समाजआरती. संध्याकाळी पालखी तळाच्या मधोमध येते, दिंड्या भोवती कडं करतात, शेकडो टाळ-मृदंग एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे मानकरी, दंड वर करतात, आणि सगळा आवाज तुटतो. लाखभर माणसांत खोकलासुद्धा ऐकू येतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. जागा मिळाली नाही, टँकर आला नाही, चालताना कुणी मध्ये घुसलं, काहीही. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो आणि ते टाळही थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात: चष्मा, पिशवी, मोबाइल, पैशांचं पाकीट. मग उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि शेवटी आरती. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजची शिस्त लावली असं मानतात. लाऊडस्पीकर आणि पोलिसांची शिट्टी नसताना इतका मोठा समुदाय कसा चालवता येतो, याचा हा रोजचा वस्तुपाठ आहे.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तिथून पंढरपूर पाच-सहा किलोमीटर, पण त्याला दुपार ते रात्र लागते. या दिवशी पाणी जास्त घ्या, मुलं-म्हातारी माणसं रांगेच्या आत ठेवा, आणि भेटायची जागा सकाळीच ठरवा. पंढरपुरात दिंडीचा मठ किंवा नदीपलीकडच्या ६५ एकर मैदानातला तंबू, यांपैकी काय आहे ते आधीच विचारून ठेवा.

पदस्पर्श दर्शनाची रांग एकादशीच्या सुमारास कित्येक तासांची होते, कधी दिवस उलटून जातो. ज्याला त्या भेटीची ओढ नाही त्याने रांगेतली जागा अडवू नये. पुष्कळ वारकरीही कळसाला हात जोडून आणि नामदेव पायरीवर डोकं टेकवूनच फिरतात. त्या पायरीपाशी जरूर जा. समोर चोखोबांची, म्हणजे जातीमुळे मंदिराबाहेर ठेवलेल्या संत चोखामेळ्यांची, समाधी आहे. मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून याच गावात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण केलं, ते दहा दिवस चाललं. पायरीपासून गाभाऱ्यापर्यंतचं ते लहानसं अंतर कापायला किती शतकं गेली, हे तिथे उभं राहून डोळ्यांनी मोजता येतं.

परतीचं आरक्षण एकादशीच्या संध्याकाळचं किंवा द्वादशीच्या सकाळचं करू नका, शहराबाहेरच्या तात्पुरत्या एसटी स्थानकांपर्यंत पोचतानाच गाडी निघून जाते. द्वादशीचं पारणं दिंडीबरोबर करून दुपारनंतर निघा, किंवा पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला बघून. रेल्वे कुर्डुवाडी-मिरज मार्गावर आहे. पुण्या-मुंबईकडे जायचं तर कुर्डुवाडीला गाडी बदलण्याची तयारी ठेवा. ट्रक परतीला लागण्याआधी वळकटी स्वतः उतरवून घ्या, आणि दिंडीप्रमुखांना भेटून पुढच्या वर्षी येणार की नाही ते सांगून निघा. आचाऱ्यांचा आणि टँकरचा हिशेब ते आतापासूनच मांडायला लागतात.